दाभेकरभैया आणि दुसऱ्यांची मतं

दाभेकरभैयांची आठवण निघाली की मला आधी राग येतो. बाकीचं जे काही वाटायचं ते नंतर वाटतं. मी मुळातच चिडकी आहे. सगळी नोकरी सरकारी कॉलेजात पोरांचं इंग्रजी तपासण्यात गेली, त्यामुळे घरीदारी माझ्या रागाला कोणी फारसं मोजत नाही. दाभेकरभैया मोजायचे. "मॅडम आज गरम आहेत," म्हणून आधी पंखा वाढवायचे, आणि मग आपलंच खरं करायचे.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या भाड्याच्या घरापासून चार दुकानं सोडून त्यांचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक शटर, आत टेबल, दोन कॉम्प्युटर, मागच्या जाळीच्या कपाटात लुकलुकणारी यंत्रं आणि वायरींची भेंडोळी. घराणं भोसल्यांच्या काळात नागपूरहून रायपूरला आलेलं, पण त्याचा बडेजाव नाही. आधी त्यांनी केबल टीव्ही चालवला, मग त्याच गल्ल्यांतून इंटरनेट द्यायला लागले. जुन्या रायपुरातली काहीशे घरं आणि दुकानं, दोन शिकवणी वर्ग, एक छापखाना, एवढाच पसारा. साठीला टेकलेला माणूस शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि टेस्टर खोचून स्वतः शिडीवर चढायचा. गिऱ्हाइकाचा फोन आला की खुर्चीतून उठून उभ्यानं बोलायचे. मी एकदा म्हटलं, "तुम्ही उभे आहात हे त्याला दिसतं का?" तर म्हणाले, "त्याले नाही दिसत. मले माहीत असते न." आणि पुढच्या फोनला पुन्हा उठले.

आमची ओळख भांडणातून झाली. मी नवीन राहायला आले होते, परीक्षेचे गुण ऑनलाइन भरायची मुदत जवळ आली होती आणि घरात नेट नव्हतं. दाभेकरभैया आले, भिंती बघितल्या, घरमालकाची परवानगी घेतली, आणि वायर न टाकताच परत गेले. का, तर वायर वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या खिडकीसमोरून जाणार होती आणि तो गावाला गेला होता.

"घरमालकानं हो म्हटलंय ना?" मी म्हटलं.

"खिडकी तर तो उघडते न, मॅडम. त्याले विचारलं का कोणी?"

"अहो, तो आल्यावर सांगू त्याला."

"सांगणं वेगळं," ते म्हणाले. "मी विचारून राहिलो."

चार दिवस मी कॉलेजात शिपायाच्या शेजारी बसून गुण भरले. पाचव्या दिवशी तो भाडेकरू आला. त्याला खिडकीचं काहीही पडलेलं नव्हतं. "हव, लगा लो भैया," एवढं बोलून तो आंघोळीला गेला. दाभेकरभैयांनी अगदी समाधानानं वायर टाकली, टेबलावरची माझी इंग्रजी पुस्तकं पाहिली, आणि जाता जाता म्हणाले, "मॅडम, माझी एक चिठ्ठी आहे इंग्रजीतली. जरा पाहून द्यान का?"

त्या चिठ्ठीनं पुढचं सगळं वर्ष खाल्लं.

प्रकरण असं होतं. घराला जसा नंबर असतो तसा इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो. आपल्या बाजूच्या देशांना हे नंबर वाटणारी एक संस्था परदेशात आहे. तिचं नाव मी लिहीत नाही, आमचं भांडण नावाशी नव्हतं. दाभेकरभैयांसारखे जे लोकांना नेट देतात ते तिचे सभासद होतात, वार्षिक फी भरतात आणि आपल्या वाट्याचे नंबर घेतात. ज्याच्याकडे नंबर जास्त त्याची फी जास्त, आणि त्याची मतंही जास्त. दाभेकरभैयांना एक मत. देशभर टॉवर असलेल्या मोठ्या कंपनीला एकटीला कितीतरी. वर गंमत अशी की एकेका नंबराच्या हिशोबानं पाहिलं तर लहानालाच जास्त महाग पडायचं. मला हे पहिल्यांदा कळेना, तेव्हा त्यांनी टेबलावरचे चहाचे ग्लास मांडून समजावलं.

"आपल्या गणपतीची वर्गणी असते न, तसं समजा. साडीवाल्यानं जास्त दिली, त्याचा बॅनर मोठा लावा, माझं काही म्हणणं नाही. पण आरतीले तोच उभा राहीन, गणपती कोणत्या गल्लीतून जाईन ते तोच ठरवीन, अन् आपण शंभराची पावती घेऊन नालीच्या कडेले उभं राहाचं, हे काहून?"

आता संस्थेनं नवीन प्रस्ताव आणला होता. सगळ्यात खालची फी रद्द करायची आणि लहानात लहान सभासदालाही मधल्या पायरीची फी लावायची. ती दाभेकरभैयांना झेपणारी नव्हती. म्हणजे नंबर परत करायचे आणि मोठ्या कंपनीकडून भाड्यानं घ्यायचे. मग वायर यांची, शिडी यांची, रात्रंदिवस फोन यांना, आणि मालक ती. असं झालेली माणसं त्यांनी बिलासपुरात पाहिली होती.

संस्थेला पाठवायच्या त्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं, आम्ही लहान आहोत पण लहान मुलं नाही. मी ते वाक्य काढून टाकलं. अर्जात असं लिहीत नाहीत, म्हटलं. त्यांनी मान डोलावली, घरी नेऊन ते परत घातलं आणि पाठवून दिलं. नंतर मला सांगितलंही, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, त्या अख्ख्या चिठ्ठीत वाचण्यासारखं तेवढंच एक वाक्य होतं.

मग संस्थेची ऑनलाइन सभा झाली. कोणत्याही सभासदाला बोलता येईल, पण दोन मिनिटं. दाभेकरभैया सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून बसले, मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी अध्यक्षांना नमस्कार केला, समितीला नमस्कार केला, सगळ्या देशांच्या सभासदांना नमस्कार केला, आणि त्यात जवळजवळ अर्धं मिनिट गेलं. मी खालून त्यांच्या पायाला पाय मारला. मग मात्र ते मुद्द्यावर आले आणि आमच्या पाठ केलेल्या कागदातलं काहीही न बोलता भलतंच बोलले. म्हणाले, फीचं नंतर पाहू. दिल्लीतला एक सल्लागार पंचवीसेक लहान कंपन्यांचे कागद सांभाळतो. संस्थेकडे त्या कंपन्यांचा म्हणून त्यानं स्वतःचाच मेलचा पत्ता दिला आहे. मतदान आलं की त्यांना न विचारता त्यांची मतं तोच एका खुर्चीत बसून देतो. हे प्रतिनिधित्व आहे का? तुम्ही त्यांना कधी विचारलं का?

इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण मी इतकं स्वच्छ बोलणं आमच्या प्राध्यापकांच्या सभेतही ऐकलेलं नाही. अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, आपल्या दृष्टिकोनाबद्दल आभार. या इंग्रजी वाक्याचा अर्थ मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवला आहे. त्याचा अर्थ, बसा.

दाभेकरभैया खूश होते. "ऐकलं त्यांनी," म्हणाले. मला त्यांच्या भाबडेपणाची इतकी चीड आली की मी चहा न पिता घरी गेले.

तरी एक दार उघडं होतं, आणि ते दाभेकरभैयांनीच नियमांच्या पुस्तकातून शोधून काढलं. प्रस्तावावर महिन्याभरात शंभर सभासदांनी हरकत नोंदवली तर तो वर्षभर थांबणार होता आणि फेरचर्चेला येणार होता. इथे मतं मोजत नव्हते, डोकी मोजत होते. मोठ्या कंपनीचं एक डोकं, दाभेकरभैयांचंही एक. मग आम्ही कामाला लागलो. ते नावं काढायचे, मी पत्रं लिहायची. बिलासपूर, भंडारा, ओडिशातली गावं, नेपाळातला एक शाळामास्तर जो डोंगरात नेट पुरवायचा, समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरची एक बाई. तिनं उलट लिहिलं होतं, की आम्ही समजत होतो हा त्रास फक्त आम्हालाच आहे. ते पत्र दाभेकरभैयांनी मला तीनदा वाचायला लावलं. हरकतींचा आकडा वाढत होता आणि मला, खरं सांगते, कॉलेजात कधी वाटला नाही असा उत्साह वाटत होता.

हरकतीची पद्धत अशी होती. प्रत्येक सभासदाच्या नोंदवलेल्या मेलवर एक लिंक येणार, ती उघडली की त्याच मेलवर एक कोड येणार, तो घालायचा, एका वाक्यासमोर खूण करायची आणि बटण दाबायचं. वाक्य असं होतं: मी या सभासदाचा अधिकृत प्रतिनिधी आहे आणि हा निर्णय माझा स्वतःचा आहे.

अगदी सुरुवातीला, लिंका आल्या त्या दिवशी, मी दुकानात गेले तर दाभेकरभैया कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून बसलेले. त्यांच्या मेलबॉक्समध्ये आठ पत्रं आली होती. एक त्यांचं. बाकीची सात रायपुरातल्या दुसऱ्या सात नेटवाल्यांच्या नावाची.

झालं होतं असं, की खूप वर्षांपूर्वी हे सगळे केबलवाले एकदम नेटच्या धंद्यात आले, तेव्हा इंग्रजी फॉर्म बघून प्रत्येकाची गाळण उडाली. दाभेकरभैयांनी ओळीनं रविवार घालवून सगळ्यांचे फॉर्म याच टेबलावर भरून दिले. मेलचा पत्ता कोणाकडे धड नव्हता. एकाचा भाच्यानं काढून दिलेला होता आणि भाचा पासवर्ड विसरला होता. म्हणून प्रत्येक फॉर्मवर त्या रकान्यात यांनी आपला पत्ता लिहिला. फी भरायची आठवण आली की हे फोन करून सांगायचे आणि ते भरायचे. इतकं सुरळीत चाललं होतं की त्याचा सगळ्यांनाच विसर पडला होता.

"म्हणजे दिल्लीचा तो सल्लागार अन् मी सारखेच झालो," ते म्हणाले.

"काहीतरीच. तुम्ही कुठे कोणाचं मत दिलंत?"

"अजून नाही दिलं," ते म्हणाले.

मला आनंद झाला होता. सात हरकती हातात होत्या. पण दाभेकरभैयांनी स्वतःचं बटण दाबलं आणि बाकीच्या सातांना पत्ता बदलायचे अर्ज छापून नेऊन दिले. एकाचं लेटरहेड संपलं होतं. एकाचा शिक्का भावाकडे होता आणि भावाशी बोलणं नव्हतं. शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यांत नेट देणारा साहू म्हणाला, देवारी, म्हणजे दिवाळी, होऊन जाऊ दे. एकही अर्ज वेळेत गेला नाही. मग त्यांनी सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर लिंका पाठवल्या. उत्तरं आली, जोडलेले हात. सातांची सात.

मुदतीच्या दोन दिवस आधी हरकती पंचाण्णव झाल्या आणि तिथेच अडकल्या. मी दुकानात गेले आणि स्पष्टच म्हटलं, "दाबा. पाच पाहिजेत, तुमच्याकडे सात आहेत."

त्यांनी माझ्यासमोर साहूला फोन लावला, स्पीकरवर. उभे राहून सगळं समजावलं. साहू म्हणाला, "अरे भैया, आप ही दबा दो ना. आप हमारे बड़े भाई हो. जो करना है कर लो."

"ऐकलंत?" मी म्हटलं. "हो म्हणाला तो."

"तो जो करना है कर लो म्हणाला, मॅडम. काय आहे, काहून आहे, एक शब्द विचारला नाही त्यानं. उद्या त्या सल्लागाराले विचारलं तर तोही हेच म्हणन, का मले फोनवर सांगितलं होतं."

"अहो, पण तो सल्लागार त्यांच्या विरुद्ध मत देतो. तुम्ही त्यांच्या भल्याचं देणार आहात."

"तोही तसंच समजत असन."

माझा तोल गेला. मी म्हटलं, तुमचं हे सोवळं सांभाळायला ती बेटावरची बाई आणि तो मास्तर बुडणार आहेत. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. पंखा वाढवला नाही. म्हणाले, "ते खरं आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून स्कूटर काढून एकेकाच्या दारात जायला लागले. एक लग्नाला गेलेला, दुसऱ्याच्या घरी पाहुणे, तिसरा म्हणे उद्या नक्की.

शेवटच्या दिवशी मुदत आपल्याकडच्या दुपारी साडेतीनला संपत होती. ठरलं असं, की ते माणसाला गाठतील, त्याच्याच मोबाइलवर लिंक उघडतील, आणि मी दुकानात मेलसमोर बसून आलेला कोड फोनवर सांगेन. बारापर्यंत एक झाला. दीडला दुसरा, तेलीबांध्याचा. अडीचच्या सुमाराला तिसरा. त्यानं आधी पाच मिनिटं हे सगळं आहे काय ते विचारलं, आणि दाभेकरभैया त्याला समजावत असताना मी इकडे फोन कानाला लावून घड्याळ बघत दात खात होते. अठ्ठ्याण्णव. ते सिलतऱ्याला निघाले, साहूसाठी. साहूचा भागीदारही, त्या सातांतलाच एक, तिथेच असायचा आणि त्याचं सभासदत्व वेगळं होतं. दोघं मिळाले की शंभर.

तीनला त्यांचा फोन आला. दोघेही कारखान्याच्या आत होते. भट्टीजवळ काम चालू होतं आणि मोबाइल गेटवर जमा करावे लागतात. गेटवाला निरोप आत पाठवायला तयार होता, पण कोणी बाहेर कधी येईल ते सांगत नव्हता.

"मग?" मी म्हटलं.

"पाहतो," ते म्हणाले. "तुम्ही बसा तिथंच."

मी बसले. समोर मेल उघडा होता. साहूचं पत्र आणि त्याच्या भागीदाराचं पत्र, एकाखाली एक. कोड मला इथेच मिळणार होते. मी साहूची लिंक उघडली, कोड घातला, खूणही केली. बटणावर बाण नेऊन ठेवला. सव्वातीन झाले, साडेतीनला पाच कमी झाले. मी दाबलं नाही. तत्त्व वगैरे माझ्याजवळ काही नव्हतं. मला एवढीच भीती वाटली, की हा माणूस परत येईल, त्याला कळेल, आणि तो पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाही. साडेतीनला पान आपोआप बंद झालं.

ते सव्वाचारला आले. दारातूनच विचारलं, "किती झाले?" मला तो प्रश्न चमत्कारिक वाटला, कारण किती झाले ते त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "अठ्ठ्याण्णव." ते "बरं" म्हणाले, माठातलं पाणी प्यायले आणि एका गिऱ्हाइकाची तक्रार होती म्हणून शिडी घेऊन गेले.

प्रस्ताव पास झाला. वर्षभरात रायपुरातल्या आठही जणांनी नंबर परत केले आणि मोठ्या कंपनीकडून भाड्यानं घेतले. त्यातले पाच जण आता तिचे टी-शर्ट घालून फिरतात. साहू मला बाजारात भेटला तर म्हणाला, "अब टेन्शन नहीं है, दीदी." नेपाळच्या मास्तराचं पत्र आलं होतं, थोडक्यात राहिलं म्हणून. त्याला काय लिहायचं ते आम्हाला सुचेना, आणि ते उत्तर राहूनच गेलं.

दाभेकरभैया टी-शर्टवाल्यांत गेले नाहीत. भाड्याच्या नंबरांवर चालवत राहण्यापेक्षा त्यांनी धंदाच बंद करायचं ठरवलं आणि मुलीकडे नागपूरला जायची तयारी सुरू केली. मला शेवटचे दिसले ते तेलीबांध्याला, तलावासमोरच्या त्या कंपनीच्या ऑफिसात. मी माझ्या बिलाची चूक घेऊन गेले होते. गार हवेत रांगेनं खुर्च्या, भिंतीवर टोकनचा आकडा, आणि मधल्या खुर्चीत दाभेकरभैया मांडीवर कागदांचा हा एवढा गठ्ठा घेऊन बसलेले. गिऱ्हाइकं त्या कंपनीकडे सोपवायची होती. कंपनीला त्यांच्याकडून नुसती यादी हवी होती. यांनी महिनाभर घरोघर फिरून प्रत्येकाला विचारलं होतं, तिकडे जायचं का, आणि हो म्हणाला त्याची सही घेतली होती.

मी शेजारी बसले. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग ते टोकनकडे बघतच म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही एकट्याच होत्या न दुकानात."

"होते."

"मेल उघडाच होता."

"होता."

"मी सिलतऱ्याच्या गेटवर उभा होतो, तर मले सारखं वाटून राहिलं होतं का तुम्ही दाबून टाकलं असन." त्यांनी गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. "साडेतीनच्या आत दुकानात परत पोचलो असतो मी. स्कूटर हळू चालवली. म्हटलं, मॅडमले वेळ भेटू दे."

भिंतीवरचा आकडा बदलला, त्यांचा नंबर आला आणि ते उठले.

"हे तेव्हा सांगता आलं नाही का तुम्हाला?" मी त्यांच्या पाठीवर इतक्या मोठ्यानं म्हटलं की रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. ते वळले नाहीत. काउंटरवरच्या मुलीसमोर गठ्ठा ठेवून ते तिला सांगत होते, की प्रत्येकाची सही वेगवेगळी घेतली आहे, एकेक तपासून घ्या.